आधी विचारा: ढकललं की ओढलं?

पत्र: माझी मुलगी 14 वर्षांची आहे. शाळेत वहनाचा धडा चालू आहे. जलवाहिन्या, रसवाहिन्या, धमन्या, शिरा यांचा तक्ता तिने कितीदा तरी लिहून काढला, पण दोन दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. सोपं जावं म्हणून मी तिला सांगितलं, की झाडही आपल्यासारखंच. जलवाहिन्या म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्या आणि मुळं म्हणजे हृदय. त्यावर ती म्हणाली, "मग मुळं नसलेली फांदी फुलदाणीत पाणी कसं ओढते?" मी केशाकर्षणाचं, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप चढण्याचं, नाव घेतलं, तर म्हणाली, "मग कापलेल्या खोडातून पाणी सारखं वरून सांडत का नाही?" चाचणीत तिने 'मूलदाबाने उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचत नाही' असं लिहिलं आणि गुण गमावले. असले प्रश्न सोड आणि पाठ कर, असं सांगावं का? आणखी एक शंका: रात्री झोपायच्या खोलीत कुंडी ठेवू नये म्हणतात, ते खरं आहे का?

उत्तर:

नमस्कार. 'प्रश्न सोड' असं तिला कृपा करून सांगू नका. तिचे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, आणि हेच आक्षेप मनात घेऊन माणसांनी दीड-दोनशे वर्षं प्रयोग केले आहेत. तक्ता लक्षात राहत नाही, यात तिची स्मरणशक्ती कमी पडत नाही. तक्त्यात नावं असतात, कारण नसतं. शिवाय झाड आणि शरीर एकसारखं आहे असं मानून ती वाचायला बसते, आणि तिथेच गुंता होतो. दोघांची गरज एकच आहे, पण ती भागवण्याच्या तऱ्हा जवळजवळ उलट्या आहेत. प्रत्येक नळीपाशी थांबून तिला एवढंच विचारायला सांगा: इथला द्रव कोणी मागून ढकलतंय, की पुढून ओढतंय? याचं उत्तर मिळालं, की नळीची भिंत जाड का, पेशी मेलेली का, झडप कुठे, हे तिचं तिलाच सुचायला लागेल.

पण त्याआधी एक पायरी आहे, आणि ती बहुतेक वेळा घाईत उरकली जाते. वाहिन्या मुळात लागतातच कशाला? एकपेशीय जीवाला त्या लागत नाहीत. ऑक्सिजनचे रेणू स्वतःच्या अस्वस्थ हालचालीने, म्हणजे विसरणाने, पाण्यातून पसरतात. पेशीच्या मापाच्या अंतरात हे काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होतं. पण अंतर दुप्पट केलं की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. हिशेब मांडला तर पाण्यातून 1 मिलिमीटर जायला ऑक्सिजनला साधारण 4 मिनिटं लागतात, 1 सेंटिमीटरला सुमारे 7 तास आणि 1 मीटरला जवळपास 8 वर्षं. हे आकडे तिला स्वतः काढू द्या. अंतराचा वर्ग एवढंच सूत्र पुरेसं आहे. छातीतला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्यापर्यंत विसरणाने पोचायचा असता, तर आपण कुणीच जगलो नसतो. म्हणून लांबचा प्रवास द्रवाच्या प्रवाहाबरोबर आणि अगदी शेवटचा, केसापेक्षाही बारीक टप्पा विसरणाने, ही विभागणी झाडातही आहे आणि माणसातही. सारखेपणा शोधायचाच तर तो इथे आहे.

आता झाडातलं पाणी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या लेकीचे दोन्ही प्रश्न इथलेच आहेत.

केशाकर्षणाने पाणी किती चढतं, ते नळीच्या जाडीवर ठरतं. रुंद जलवाहिनीची त्रिज्या 50 मायक्रोमीटर धरली, तर पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर चढेल. वर तोंडाने ओढावं तसं निर्वात करून ओढायचं म्हटलं, तर बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 10 मीटरपर्यंतच साथ देतो. आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत उंच रेडवूड 115 मीटरच्याही वर गेले आहेत.

मूलदाब, म्हणजे मुळांनी पाणी वर ढकलणारा दाब, खरा आहे. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने वसंतात द्राक्षाची वेल छाटून तिच्या बुंध्याला काचेची लांब नळी बांधली, आणि रस त्या नळीत 20 फुटांच्याही वर चढला. 1727 साली त्याने हे प्रसिद्ध केलं. सकाळी काही पानांच्या कडांवर थेंब दिसतात. त्यातले पुष्कळदा दवाचे नसून मुळांनी रात्री वर ढकललेल्या पाण्याचे असतात. पण भर दुपारी, झाड सर्वांत जास्त पाणी वाहत असतं तेव्हा, हा दाब सापडत नाही. जलवाहिनीला छेद दिला तर पाणी बाहेर उसळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. मागून ढकललेला द्रव असं वागणार नाही. दिवसा झाडाचं खोड किंचित बारीक होतं आणि रात्री पुन्हा भरतं, हेही मोजलेलं आहे. आतून ओढ असल्याशिवाय हे होणार नाही.

मग ओढतं कोण? पान. पानाच्या आत पेशींच्या ओल्या भिंती हवेला भिडलेल्या असतात. त्या भिंतींमधली छिद्रं इतकी सूक्ष्म असतात, की त्यांची त्रिज्या 10 नॅनोमीटर धरली तर तिथला पृष्ठताण दीड किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकेल. म्हणजे केशाकर्षण आहेच, फक्त ते खोडाच्या नळीत शोधायचं नाही, पानाच्या भिंतीत शोधायचं. उन्हाने तिथलं पाणी वाफ होऊन पर्णरंध्रांतून निघून गेलं, की त्या छिद्रांतला पाण्याचा पृष्ठभाग मागे खेचला जातो आणि मागचं पाणी पुढे येतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे शेंड्यापासून मुळापर्यंतचा अख्खा स्तंभ ताणलेल्या दोरासारखा वर सरकतो. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये हा विचार मांडला. सुरुवातीला तो अनेकांना पटला नाही, कारण द्रव ओढता येतो हेच विचित्र वाटतं. 100 मीटर उंचीसाठी नुसत्या गुरुत्वाविरुद्ध 10 वातावरणांइतकी, म्हणजे हवेच्या दाबाच्या 10 पट, ओढ लागते. नळ्यांतलं घर्षण धरलं तर जवळपास दुप्पट.

मुलीचा दुसरा प्रश्न इथे सुटतो. केशाकर्षण पाणी धरून ठेवतं, ते सांडत नाही. पाणी वाहतं राहायचं तर वरून ते सतत निघून जायला हवं, आणि ते काम ऊन करतं. पहिला प्रश्नही सुटतो: फुलदाणीतल्या फांदीला मुळं नसली तरी पानं आहेत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड स्ट्रासबुर्गर याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोठी झाडं बुंध्याशी कापून पेशी मारणाऱ्या द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रव चढतच राहिला. पानं निकामी होईपर्यंत चढला. तुमच्या मुलीने फुलदाणीसमोर उभं राहून केलेला विचार हाच आहे, हे तिला जरूर सांगा. झाडात हृदयासारखं स्पंदन असावं असं वाटणारे मोठे लोकही झाले. जगदीशचंद्र बोस यांनी 1923 मध्ये खोडातल्या जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो असं मांडलं. ते मत टिकलं नाही, पण तुम्ही मुळांना हृदय म्हणालात त्यामागची ओढ किती स्वाभाविक आहे, ते यावरून दिसतं.

'ओढ' हे एकदा पक्कं झालं, की तक्त्यातल्या जलवाहिनीच्या सगळ्या ओळी आपोआप भरता येतात. ओढीमुळे नळी आत मिटू पाहते, म्हणून तिच्या भिंतीला लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाची, जाड, ताठ वलयं. आत काही अडथळा नको, म्हणून पेशी मेलेली आणि पोकळ. ताणलेल्या पाण्यात हवेचा बुडबुडा शिरला तर तो दोर तुटतो. 1966 साली या तुटण्याचे बारीक आवाज यंत्राने टिपले गेले. बुडबुडा एका नळीतून शेजारच्या नळीत जाऊ नये म्हणून मध्ये सूक्ष्म पडद्यांचे खाचे असतात. फुलांचे देठ पाण्याखाली धरून कापावेत असं सांगतात, त्याचं कारणही हेच.

यातलं बरंचसं तिला घरी पाहता येईल. सारख्या दोन फांद्या घ्या, एकीची सगळी पानं काढा, दोन्ही रंगीत पाण्याच्या बाटल्यांत ठेवा आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर सोडा, म्हणजे बाटलीतून वाफ जाणार नाही. उन्हात ठेवल्यावर कुठल्या बाटलीतली पातळी जास्त उतरते, ते तिला खुणा करून मोजू द्या.

रसवाहिनीबद्दल थोडक्यात. इथे मामला उलट, म्हणजे ढकलण्याचा आहे. पानात तयार झालेली साखर सहचर पेशींच्या मदतीने चाळणी नलिकांत भरली जाते, परासरणाने (पाणी पटलातून जास्त साखरेच्या बाजूला जातं, त्याने) शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत येतं आणि दाब वाढतो. मूळ, फळ, कोंब अशा साखर वापरणाऱ्या किंवा साठवणाऱ्या ठिकाणी ती काढून घेतली जाते, पाणी बाहेर पडतं आणि दाब उतरतो. या दोन टोकांमधल्या फरकाने रस वाहतो. जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंख याने 1930 मध्ये हे मांडलं. परासरणाला जिवंत पटल लागतं, म्हणून ही नळी जिवंत. वाट मोकळी हवी, म्हणून तिच्यात केंद्रक नाही. मावा कीड आपली सूक्ष्म सोंड तिच्यात खुपसते. ती सोंड कापून कीड बाजूला केली तरी रस तासन्तास थेंबाथेंबाने बाहेर येत राहतो, इतका तो दाबाखाली असतो. 'जलवाहिनी वर, रसवाहिनी खाली' असं मात्र तिला पाठ करू देऊ नका. रस साखर जिथे आहे तिथून जिथे हवी तिथे जातो. पालवी फुटताना तो मुळाकडून वर जातो.

आता शरीर. आपल्याकडे ढकलणारं एकच मोठं यंत्र आहे. हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतं आणि प्रौढ शरीरात रक्तही साधारण तेवढंच असतं. धमनीत दाब मोठा आणि ठोक्याठोक्याने येणारा, म्हणून तिची भिंत जाड, स्नायूंची आणि लवचीक. जलवाहिनीची भिंत आत मिटू नये म्हणून ताठ, धमनीची भिंत बाहेर फुटू नये म्हणून चिवट: हे दोन शेजारी शेजारी ठेवले की दोन्ही कायमचे लक्षात राहतात. हेल्सने काचेच्या नळीची हीच रीत घोडीच्या धमनीवरही वापरली आणि 1733 मध्ये प्रसिद्ध केलं, की रक्त नळीत 8 फुटांहून वर चढलं. झाडाचा आणि प्राण्याचा दाब एकाच माणसाने एकाच पद्धतीने मोजला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन्हीकडे तोच प्रश्न विचारता येतो हे त्याला कळलं होतं, आणि म्हणूनच दोन्हीकडची उत्तरं वेगळी आहेत हे दिसू शकलं.

हृदयाची डावी जवनिका, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा, जाड आणि उजवी पातळ का, हाही पाठांतराचा विषय नाही. उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं आणि तिथला दाब शरीराकडच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असतो. मोठ्या दाबाने नाजूक वायुकोशांत पाणी झिरपलं असतं.

केशवाहिन्यांत पोचेपर्यंत रक्ताचा वेग महाधमनीतल्या सेकंदाला 30-40 सेंटिमीटरवरून 1 मिलिमीटरच्याही खाली येतो, कारण एकेक केशवाहिनी अरुंद असली तरी सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड आहे. हा संथपणा हवाच असतो. इथे विसरणाचा टप्पा सुरू होतो आणि त्याला वेळ लागतो. भिंत एका पेशीची, कारण अंतराचा वर्ग! इंग्रज वैद्य विल्यम हार्वीने 1628 मध्ये रक्त फिरतं हे सिद्ध केलं, पण धमनीतून शिरेत ते कुठून जातं हे त्याला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, 1661 साली, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या. याच माल्पिगीने पुढे झाडाच्या सालीचं वलय काढून पाहिलं आणि वलयाच्या वरची साल फुगते असं नोंदवलं. रसवाहिन्या सालीत असतात, म्हणून पानांकडून येणारा रस तिथे अडतो.

शिरेपर्यंत येताना दाब जवळजवळ संपलेला असतो. पायातलं रक्त वर जायचं तर पोटरीचे स्नायू शीर दाबतात आणि झडपा ते खाली परतू देत नाहीत. फार वेळ एका जागी ताठ उभं राहिलेला माणूस भोवळ येऊन पडतो, त्याला हेही एक कारण असतं. हार्वीने दाखवलेला प्रयोग मुलीबरोबर करून पाहा. दंडाला फडकं हलकंसं आवळा, हातावरची शीर फुगेल. मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने त्यातलं रक्त कोपराकडे पुसत न्या. वरचं बोट उचललं तरी झडपेखालचा तेवढा तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचला, लगेच भरतो. मग फडकं सोडा.

वायूंबाबत एकच गोंधळ नेहमी दिसतो: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, एवढीच व्याख्या धरा. मग फुप्फुस धमनी कमी ऑक्सिजनचं रक्त का नेते, हे कोडं उरत नाही. अशुद्ध हा शब्दच मला आवडत नाही. ते रक्त घाण नसतं आणि निळंही नसतं, गडद लाल असतं. एक लिटर रक्तात नुसता विरघळून फक्त 3 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, हिमोग्लोबिनमुळे तो सुमारे 200 मिलिलिटर होतो. कार्बन डायऑक्साइड मात्र मुख्यतः, साधारण 70 टक्के, बायकार्बोनेटच्या रूपाने परत येतो. झाडाला असं वाहक लागत नाही. पानाच्या आत हवेच्या पोकळ्या असतात आणि हवेत वायू पाण्यापेक्षा सुमारे 10,000 पट वेगाने पसरतात. पान पातळ असलं की झालं. मुळांनाही मातीतल्या फटींतून ऑक्सिजन मिळतो, म्हणूनच पाणी साचून राहिलं तर मुळं गुदमरतात.

परीक्षेचं म्हणाल, तर तिने खरं तेच लिहावं, पण पूर्ण लिहावं. 'मूलदाब पुरत नाही' एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याला तिला धडा माहीत नाही असं वाटू शकतं. तिने लिहावं: रात्री आणि लहान रोपांत मूलदाबाने पाणी वर ढकललं जातं, दिवसा आणि उंच झाडांत बाष्पोच्छ्वासामुळे (पानांतून पाणी वाफ होऊन जाण्यामुळे) निर्माण होणाऱ्या ओढीने, रेणूंच्या परस्पर आकर्षणाच्या आधारे, पाणी शेंड्यापर्यंत पोचतं. यात पुस्तकातले शब्दही आले आणि तिचं म्हणणंही आलं. तरीही गुण कापले गेले, तर शिक्षकांना शांतपणे, उत्तरपत्रिका हातात घेऊन विचारायला तिला पाठवा. तुम्ही स्वतः जाऊ नका, तिला जाऊ द्या.

खोलीतल्या कुंडीबद्दल: झाड दिवसरात्र श्वसन करतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ते झाकलं जातं, रात्री उघडं पडतं, म्हणून ही भीती पसरली आहे. पण झोपलेला माणूसही मिनिटाला साधारण पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो आणि कुंडीतलं रोप त्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी. शेजारी दुसरं माणूस झोपलेलं चालतं, तर कुंडी नक्कीच चालेल. फक्त माती सतत चिकचिकीत ओली ठेवू नका, ती मुळांसाठी वाईट.